मूठभर हरळी

हे मी अजून कोणापुढे बोललेले नाही. नवऱ्यापुढे नाही, पुण्याच्या मुलापुढे नाही. देवापुढे बसते तेव्हासुद्धा या विषयाला बगल देते आणि बाकीचीच गाऱ्हाणी मांडते. आज तुम्हाला सांगायला बसले आहे. मध्येच भलतीकडे वळेन, कारण एवढी वर्षं मला त्याचीच सवय झाली आहे. वळले की ओढून आणा.

सुरुवात लॉनपासून करावी लागेल. हसा, हसा. यवतमाळजवळच्या नेरसारख्या गावात, काळ्या मातीच्या प्लॉटवर, एका निवृत्त मुख्याध्यापिकेनं घरापुढे लॉन लावावं, यात हसण्यासारखं आहेच. मुलाच्या पुण्याच्या सोसायटीत मी ते पाहिलं होतं. मऊ, हिरवं, गालिच्यासारखं. लोक त्यावर अनवाणी चालत होते. तिथेच माझं डोकं फिरलं. मनात आलं, आपण जन्मभर पोरांना पाढे शिकवले, आता निवृत्तीनंतर आपल्याही दारात असं काही का असू नये? हौसेला मोल नाही म्हणतात. अक्कल मात्र लागते, ते कोणी म्हणत नाही.

नर्सरीवाल्यानं काहीतरी परदेशी नाव सांगून चौकोनी तुकडे आणून अंथरले. आमचे हे वीज खात्यातून निवृत्त झालेले, पण मूळचे मुकुटबनकडचे शेतकरी घरातले. ते बाहेर आले, वाकले, एक काडी तोडून दातात धरली आणि म्हणाले, "अवो, हे तं हरळी होय! माह्या बापानं जिंदगीभर खोदून खोदून बांधावर फेकली, अन् तू तिले गाडीत बसवून घरी आणली?"

खरंच ती हरळी होती. देवाला वाहतो ती दुर्वाच, जरा बारीक पानाची. शेतात नको तिथे हजार वेळा उगवते. दारात हवी तिथे लावली तर — काय सांगू! उन्हाळ्यात आमच्या काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरून पाणी घातलं की ते भेगेत गडप होतं, आणि गवताच्या मुळाला ओल लागतच नाही. नळ येतो चार-पाच दिवसांनी, तोही त्याच्या मर्जीनं. भांड्यांचं पाणी, तांदळाचं धुवण, सगळं मी बादलीनं नेऊन ओतायचे. वैशाखात कूलरला पाणी की गवताला, यावरून आमच्या घरी रोज भांडण. पावसाळा आला की वेगळी तऱ्हा. रातोरात टाचेच्या वर गवत. कापायचं यंत्र चिखलात रुतून बसतं आणि चपलेला किलो-किलो माती चिकटते. मोथा एक उपटला की दहा उगवतात. गाजरगवताला हात लावला की कोपरापर्यंत खाज सुटते. गवत कापायला माणूस बोलवावा तर तो म्हशीसाठी कापल्यासारखं मुळापासून भादरून ठेवतो. आणि हिवाळ्यात ते झोपतं. जुन्या काथ्याच्या पायपुसण्यासारखं पडून राहतं, आणि येणारा जाणारा म्हणतो, "मॅडम, मेलं वाटते हो तुमचं गवत." फाल्गुनात पुन्हा खरडा, शेणखत चाळा, रेती पसरा, पुन्हा तेच.

इतका त्रास होता, तर काढून का नाही टाकलं? कारण ते माझं होतं. आमच्या लेआउटात, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत, एकटीच्याच दारात होतं. गणपतीत सगळ्या बायका दुर्वांसाठी माझ्याकडे यायच्या, लॉन तुडवायच्या, मी आतून चडफडायचे आणि वरून म्हणायचे, "घ्या ना, देवाचंच आहे." त्या मानासाठी मी सगळं करत होते. कोणी पायरीवरून म्हटलं ना की काकूंचं लॉन बघा, मग माझे गुडघे दुखायचे थांबत.

वळले का? वळले. आता याडीकडे येते.

आमच्या शेजारच्या घरात प्रकाश राहतो. हायस्कुलात शिक्षक. त्याची बायको रेखा, दोन मुलं, आणि तेव्हा त्याची म्हातारी आईही होती. बंजारा समाजाचे लोक. म्हातारी सगळा जन्म दिग्रसकडच्या तांड्यावर राहिलेली, नवरा गेल्यावर मुलाकडे आली. तिला सगळं लेआउट याडीच म्हणायचं. त्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. मला ती मास्तरीन म्हणायची. इतर कोणी म्हटलं असतं तर मला राग आला असता. तिचाही यायचा, पण तिच्यापुढे बोलायची सोय नव्हती.

तिला उष्णतेचा त्रास होता. उन्हाळ्यात तळहात, तळपाय जळायचे. त्यावर तिचा तांड्यावरचा इलाज एकच. सकाळी अनशेपोटी मूठभर कोवळी हरळी चावायची, रस गिळायचा, चोथा थुंकायचा. तांड्यावर हरळी कुठेही मिळते. लेआउटात ती कुठे मिळणार? माझ्या दारात.

रोज सकाळी फाटक वाजायचं. याडी यायची, मधोमध फतकल मारून बसायची, आणि नेमक्या सगळ्यात हिरव्या जागेवरचे शेंडे खुडायची. मी ज्या जागेला तांदळाचं पाणी पाजून वाढवलं, तिथेच. चार दिवसांत तिथे टक्कल पडायचं. चोथाही तिथेच. तिनं कधी विचारलं नाही, घेऊ का म्हणून. एकदा मी हसत हसत म्हटलं, "याडी, कडेचं घेत जा ना, तिथंही भरपूर आहे." तर माझ्याकडे बघून म्हणाली, "गवत का कोनाचं असते, मास्तरीन? पेरलं का तुनं? देवानं उगवलं." आणि मग रस्त्यावरून जाणाऱ्या दोघी-तिघींना ऐकू जाईल अशा आवाजात, "गवताले मालक झाली म्हने बाई!"

त्या हसल्या. मीही हसले. आत गेल्यावर ओट्यावर भांडी आपटली. बत्तीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला एका अडाणी म्हातारीनं चारचौघीत — असं मी तेव्हा मनात म्हटलं. "अडाणी" हाच शब्द वापरला.

रेखाचं मात्र वेगळं होतं. रेखा माझी होती. लग्न होऊन आली तेव्हा पंचविशीतली, घाबरट, पण हातानं गुणी. सासूशी पटत नव्हतं असं नाही, पण याडीची जीभ तिखट आणि हिला रडू लवकर. दुपारी दार लोटून माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायची आणि सगळं सांगायची. तिची दोन्ही मुलं माझ्याकडे अभ्यासाला यायची. "काकू, तुम्ही हाय म्हनून मी हाय इथं," असं ती मला म्हणायची. हे लक्षात ठेवा.

सात-आठ वर्षं झाली असतील. मे महिना होता. ऊन असं की दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रंही दिसू नये. लॉन पिवळं पडणार हे धरलेलंच होतं, पण त्या वर्षी ते तुकड्यातुकड्यांनी मरायला लागलं. पाणी घालूनही. एक तुकडा ओढला तर सतरंजीसारखा उचलून हातात आला. खाली मुळंच नाहीत. उधई, वाळवी! म्हणजे आता हेही. उन्हाशी भांडा, नळाशी भांडा, म्हातारीशी भांडा, आणि खालून उधई. मला इतका संताप आला की सांगता येत नाही.

मुकुटबनचे दीर येऊन गेले होते, त्यांनी कपाशीवर फवारायच्या औषधाची अर्धी बाटली ठेवली होती. "वहिनी, जपून वापरा बरं, लई जालीम हाय," एवढं सांगूनही गेले होते. त्या संध्याकाळी लेआउटात एक लग्न होतं. सगळे मंगल कार्यालयात गेलेले. आमचे हे मुकुटबनला. माझा गुडघा सुजलेला, म्हणून मी घरीच. शेजारी याडीही एकटीच, तिला लग्नातली गर्दी सोसत नव्हती. रेखा जाताना तिच्यासाठी भात आणि कढी करून ठेवून गेली होती.

ऊन उतरल्यावर मी तोंडाला पदर बांधला, झारीत पाणी भरलं, आणि औषध ओतलं. किती? बाटलीवर प्रमाण लिहिलेलं होतं. वाचता मला येतं, आयुष्यभर तेच शिकवलं. पण उधई मेलीच पाहिजे होती, म्हणून भाजीत मीठ टाकावं तसं अंदाजानं ओतलं, आणि वरून आणखी थोडं. सगळं लॉन भिजवलं. जिथे सगळ्यात हिरवं होतं तिथे जास्त, कारण ते वाचवायचं होतं. दोन दिवस माणसं-जनावरं लांब ठेवा, हेही बाटलीवर होतं. दोरी बांधावी असं वाटलं. पण दोरी बांधली की लोक विचारणार, काय टाकलं म्हणून. मग गणपतीत या दुर्वा कोण नेणार? मी म्हटलं, सकाळी याडीला तेवढं तोंडी सांगू.

आणि सकाळी सांगायचं विसरले.

नऊच्या सुमारास रेखाची किंकाळी ऐकू आली. मी लंगडत पोचले. याडी पलंगावर आडवी, घामानं चिंब, तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, आणि उलट्या थांबत नव्हत्या. हातापायाचे स्नायू नुसते थरथरत होते. प्रकाशनं गाडी काढली. यवतमाळपर्यंत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मीच म्हटलं, मी येते. सगळे म्हणाले, काकू आहेत म्हणून बरं.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं आणि लगेच विचारलं, "फवारणीचं औषध वगैरे आहे का घरात?"

प्रकाश म्हणाला, "नाई हो डॉक्टर. आमच्याइथं शेतीच नाई."

मी त्याच्या मागे उभी होते. हाताच्या अंतरावर. डॉक्टरांनी सगळ्यांकडे बघून पुन्हा विचारलं, काही माहीत असेल तर सांगा, नाव कळलं तर इलाज सोपा होतो. मी बाटलीचं नाव सांगू शकले असते. मला पाठ होतं. मी पदरानं तोंड पुसलं.

त्यांनी लक्षणांवरून अंदाजानं इलाज सुरू केला, आणि त्या माणसाचं भलं होवो, अंदाज बरोबर निघाला. दोन दिवस काही खरं नव्हतं, मग ती वाचली. पण डॉक्टर एक वाक्य बोलून गेले होते: काहीतरी विषारी पोटात गेलंय. ते वाक्य आमच्यासोबत नेरला परत आलं. पोटात काय गेलं? रात्री काय खाल्लं? कढी-भात. कोणी केला? रेखानं. बाकीच्यांनी खाल्ला का? नाही, ते लग्नात जेवले. सकाळची हरळी कोणी खाण्यात धरलीच नाही. रोज तोंड धुतो ते आपण खाण्यात धरतो का?

तरी प्रकाश शहाणा माणूस आहे. बायकोवर संशय घेणारा नव्हता. तो म्हणत होता, दूषित पाणी असेल, नळाचं काही खरं नसतं. गोष्ट तिथेच विरली असती. पण याडी अजून दवाखान्यात होती तेव्हाच, तिथल्या व्हरांड्यात बसलेलो असताना कोणीतरी रेखाला विचारलं, "कढी कशात ठेवली होती गं?"

कोणीतरी नाही. मी विचारलं.

ती म्हणाली, पितळेच्या गंजात, म्हणजे पातेल्यात. माहेराहून आंदणात आलेला गंज. मग मी विचारलं, "कल्हई होती का त्याला?" आणि रेखाचा चेहरा पांढराफटक पडला. आंबट पदार्थ बिनकल्हईच्या पितळेत कळकतो, विषासारखा होतो, हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. मला ते विचारताना पुरतं माहीत होतं की याचं उत्तर कुठे जाऊन पडणार. शाळेत मुलाला फळ्यापुढे उभं करून उत्तर त्याच्याच तोंडून काढायची सवय, ती कामी आली. प्रकाशनं बायकोकडे पाहिलं. न बोलता पाहणं काय असतं ते तुम्हाला माहीत असेल.

पुढचं सगळं त्या नजरेतून आलं. याडी घरी आली ती हात कापणारी म्हातारी होऊन आली, आणि तिला कोणीतरी सांगितलंच. तांड्यावरचे नातेवाईक भेटायला आले तेव्हा ती सगळ्यांदेखत म्हणाली, "हिच्या बापाच्या गंजानं मारलं असतं मले." कळकलेली कढी राहिली बाजूला, महिन्याभरात ती "सुनेनं काहीतरी घातलं" अशी झाली. लेआउटातल्या बायका हळदीकुंकवाला रेखाच्या घरी जायच्या, पण पेढा हातात घेऊन पदराआड ठेवायच्या. मी स्वतः पाहिलंय. मी तो सगळ्यांदेखत तोंडात टाकायचे. केवढा मोठेपणा!

याडीनं रेखाच्या हातचा घास परत तोंडात घेतला नाही. मागच्या अंगणात तीन दगड मांडून, कापत्या हातांनी भाकरी थापायची. अर्धं पीठ जमिनीवर. रेखा दारात उभी राहून बघायची आणि मग माझ्याकडे येऊन रडायची. मी तिला पाणी द्यायचे, पाठीवरून हात फिरवायचे. दोन वर्षांनी याडी तांड्यावर परत गेली आणि तिथेच म्हातारपणानं गेली. शेवटी रेखा पाणी पाजायला पुढे झाली तर नणंदेनं तिच्या हातातला चमचा काढून घेतला. हेही तिनं मलाच येऊन सांगितलं.

आता मी वर काय म्हटलं ते आठवा. सकाळी सांगायचं विसरले, म्हटलं ना? एवढं सगळं सांगायला बसले आणि तिथेही हात आखडला. जीभच तशी वळलेली आहे.

मी विसरले नव्हते.

त्या सकाळी फाटक वाजलं तेव्हा मी खिडकीत चहा घेऊन उभी होते. याडी आली. नेहमीच्या जागी बसली. पहिला शेंडा खुडला. खिडकी उघडी होती, तिच्यात आणि माझ्यात दहा पावलंही नव्हती. "याडी, थांबा" — बस, एवढं म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. आणि त्याच क्षणी मला ते हसणं आठवलं, रस्त्यावरच्या बायकांचं. गवताले मालक झाली म्हने बाई. आणि मी मनात म्हटलं, चावू दे. एकदा तोंड कडू झालं की परत येणार नाही.

मरू दे असं म्हटलं नाही मी. पण काय म्हटलं त्यानं काय फरक पडतो? दिरांनी जालीम म्हणून सांगितलेलं, बाटलीवरची सूचना मी वाचलेली, किती ओतलं ते मीच जाणत होते. मला नुसती अद्दल घडवायची होती. गवताच्या चार काड्यांसाठी. मी चहा पूर्ण प्याले. ती मूठ चावताना मी तिच्याकडे पाहत होते, आणि तिनं तोंड वाकडं केलं तेव्हा मला बरं वाटलं. बरं वाटलं! सांगताना आता स्वतःच्या कानाखाली लगावावीशी वाटते.

नंतर भीती, नंतर पोलीस काय म्हणतील, नंतर मुलाचं लग्न, नंतर उशीरच झाला आहे आता. प्रत्येक वर्षाला माझ्याकडे कारण होतं. बाटली मी चिंधीत गुंडाळून कचऱ्याच्या गाडीत टाकली. करून सवरून नामानिराळी म्हणतात ना, ती मी. आणि लॉन? त्या पावसाळ्यात ते असं माजलं की लोक थांबून बघायचे. उधईचा मागमूस नाही. मी ते उखडूनही टाकू शकले नाही, कारण काहून काढलं म्हणून कोणीतरी विचारलं असतं. म्हणून अजून करते. उन्हाळ्यात तांदळाचं पाणी ओतते, पावसात मोथा उपटते, फाल्गुनात खत घालते. औषध पुन्हा कधी टाकलं नाही. गणपतीत बायका येतात तेव्हा कोणाला आत खुडू देत नाही. मीच खुडते, तीन पाण्यांनी धुते आणि हातात देते. त्या म्हणतात, काकूंची किती निष्ठा!

आता मागच्या महिन्यातलं सांगते, म्हणजे सगळं सांगून झालं.

रेखाच्या मुलीचं लग्न ठरलं. तेच सांगायला ती पेढे घेऊन दुपारी आली. मग म्हणाली, काकू, पोरीले सासरी पाठवायच्या आधी एक गोष्ट कोनाजवळ तरी बोलली पाह्यजे, नाही तं मले झोप येत नाई. मी म्हटलं, बोल.

"कल्हईवाला चाचा त्या लग्नाच्या आदल्याच दिवशी आल्ता लेआउटात. आवाज देत होता. मले कंटाळा आला, काकू. उन्हाचं कोन भांडे काढते, म्हनून मी दार लावून घेतलं. अन् दुसऱ्या दिवशी कढी ठेवताना मले गंजाचं बूड दिसलं. पिवळं दिसून राह्यलं होतं. मी पाह्यलं. लग्नाले उशीर होत होता. पाह्यलं, अन् तरी ठेवली." मग म्हणाली, "सगळे म्हनतात ते काही खोटं नाई. माह्याच हातानं झालं. यायले मी कधी सांगतलं नाई की मले दिसलं होतं."

यायले म्हणजे प्रकाशला. सात-आठ वर्षं ही बाई हे घेऊन जगत होती. माझं होतं ते. मी तिच्या मांडीवर ठेवलेलं. तिनं ते इतकी वर्षं सांभाळलं, वाढवलं, त्याला हातपाय फुटू दिले. आणि आता ते काढून माझ्यापुढे ठेवत होती, कारण तिला जगात विश्वासाचं माणूस मी एकटी.

कढी चांगली होती, रेखा. ते गवत होतं. मी पाहिलं होतं, मी. एवढंच म्हणायचं होतं. घरात आम्ही दोघीच होतो. आमचे हे आत झोपलेले. पुन्हा तशीच दहा पावलांवर उभी होते मी. नव्हे, तिचा हात माझ्या हातात होता.

मी म्हटलं, "जाऊ दे रेखा. झालं गेलं. तुझ्या मनात वाईट नव्हतं ना? देव बघतो सगळं. आता नको घेऊ मनावर."

म्हणजे मी तिला माफ केलं.

ती ओक्साबोक्शी रडली, पदरानं डोळे पुसले, आणि कितीतरी वर्षांनी मोकळं हसली. म्हणाली, तुमाले सांगून हलकं वाटलं, काकू. मग उठली आणि माझ्या पाया पडायला वाकली. मी पाय मागे घेतले नाहीत.